हळू न चालणारं इंजिन

केरीला बाबलो मेस्ताची शेड आहे, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची. तिथल्या कोपऱ्यात जळालेले पिस्टन साठतात, तसे आमचे किस्सेही साठलेत. पिस्टन निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? आणि हल्ली कुठलाही सांगायला घेतला की तो आमच्या होडीवाल्या शाणूवर येऊन थांबतो. तरी सांगतो.

*

मी तुयेच्या कारखान्यात लेथवर. एका दुपारी बाबलो स्कूटरवरून आला, पंच्यात गुंडाळलेलं इंजिनाचं हेड घेऊन.

"विनू, जरा खरडून दी. प्रेशर वाढाक होया."

शाणूच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं हेड होतं ते. मी मशीनवर चढवलं आणि नेमका सुपरवायझर मागे उभा!

"काय रे हे?"

"प्रेशर कुकरचं झाकण, सर!"

त्याने वाकून नीट पाहिलं. "मग शिट्टी कुठाय?"

"तीच बसवायचीय, सर!"

*

इंजिन एवढं पळवायचं कशाला? शाणू मासे मारायचा, शर्यती नाही. पण त्याची बायको शेवंती रोज किनाऱ्यावर, एका वाकड्या सुरूच्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. तिचा बाप याच किनाऱ्यावरून गेला होता, तो आलाच नाही. म्हणून नवऱ्याची होडी दिसेपर्यंत ही बाई जागची हलायची नाही. ऊन असो, काही असो.

शाणूला ते बघवत नव्हतं. बाबलोला म्हणाला, "मेस्ता, इंजिन असा कर, की ती घराभायर पडाच्या आधी मी हजर! आणि तिका सांगू नको. लाज वाटता."

*

बाबलोने तीन दिवस कानशीने घासून धूर बाहेर पडायचं भोक मोठं केलं. मग ट्रायल. बाबलो ऐटीत पुढच्या टोकाला बसला. शाणूने फुल रेस दिली, होडीचं नाक आभाळाला, आणि मेस्त धाडकन पाण्यात!

आम्ही घाबरलो. तो डोकं वर काढून नाकातलं पाणी शिंकरत ओरडला, "आवाज बरोबर आसा!"

*

एकच खोट राहिली. रेस कमी केली की इंजिन बंद. शाणू थेट वाळूवरच चढायचा. त्याची होडी दिसली की लोक ओरडायचे, "शाणू इलो, होडये सरकवा!"

आम्ही शाणूला म्हटलं, "बाबा, हे हळू चालायचं नाही."

"हळू कोणाक जावचा आसा?"

*

शेवंती पिठाच्या हातांनी धावत यायची, तर हा सुरूखाली आरामात बसलेला. "किती उशीर गो! मी कवाचो हंय बसलंय."

एकदा ती शेडमध्ये येऊन बाबलोवर भडकली. "मेस्ता, माझा एक काम होता, ता पण तुमी काढून घेतलात!"

आम्ही हसलो. मूर्ख होतो आम्ही.

*

शाणूला समुद्राने नेलं नाही. घरी जेवताना छातीत कळ आली. शेजाऱ्याच्या व्हॅनमधून म्हापशाला निघालो. तो बाबलोच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. पेडणं मागे पडलं, व्हॅन चढाला घरघरली, तसे त्याने डोळे उघडले.

"मेस्ता, हेचो आवाज बरोबर नाय."

शेवटचं बोलणं ते. आम्हा दोघांना अजून हसू येतं आणि मग बाबलो तोंड फिरवतो.

*

अस्थी तेरेखोल नदीच्या मुखाशी सोडायच्या होत्या, त्याच्याच होडीतून. शेवंती म्हणाली, मी येणार. कोणी अडवलं नाही. मांडीवर कलश घेऊन ती मधे बसली. इंजिन बाबलोच्या हातात.

"मेस्ता, सावकाश व्हरा तेका."

बाबलोने रेस कमी केली. इंजिन बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. ओहोटी होती, होडी वाहायला लागली. बाबलो रडायलाच लागला.

"वयनी, हेका सावकाश जमना नाय. आमीच तसा केलव. तुका उनात उभी रवाक लागू नये, म्हणान तेनाच सांगितलेला."

शेवंतीने कलश पोटाशी घट्ट धरला. मग पदर खोचून म्हणाली, "मगे फुल सोडा."

गेलो फुल स्पीडने. अस्थी सोडून परतही तसेच आलो, वाळूवर चढलो. ती उतरली, पण घराकडे वळली नाही. सुरूच्या झाडाखाली जाऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

मी म्हटलं, "वयनी, चला."

"तुमी व्हा फुडे," ती म्हणाली. "आज जरा उशीर लागतलो तेका."