दहापर्यंत

गोव्यातल्या हरमलच्या भिंतमास्तरांचा विषय निघाला की मी इतकी वर्षं दुसरंच काहीतरी बोलत आलो. लोक म्हणतात, मी त्यांचा जीव वाचवला. ते खरं नाही, म्हणून आता लिहितो.

मास्तर निवृत्त प्राथमिक शिक्षक. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायचे. एका म्हाताऱ्या जपानी पाहुण्याने त्यांना झेन बैठक शिकवली आणि तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून बसू लागला. "चाळीस वर्सां पोरांक भिंतीकडे उभां केलां, आता माझी पाळी," असं स्वतःच सांगून हसायचे.

मी कारापूरचा. बायको गेल्यावर लेकीकडे हरमलला आलो, तो काळजीचं गाठोडं घेऊनच. मास्तरांनी शेजारी बसवलं. ताठ बसायचं, श्वास एक ते दहा मोजायचे. विचारात वाहवलं की परत एकपासून. काही ऐकू आलं तरी मान वळवायची नाही. शेवटी ते पितळी वाटीवर चमचा मारायचे, तीच घंटा.

मी तीनच्या पुढे कधी गेलो नाही. दोनवर कारापूरचा पाण्याचा पंप चालूच राहिल्यासारखा वाटायचा, तीनवर जावई स्कूटरवरून पडलेला दिसायचा.

घंटा झाली की माझं मन कुठे भटकलं ते मास्तर विचारायचे, "खंय गेलंस रे?"

"साखळीच्या बाजारात."

"आणि बांगडे हाडूक नाय? रिकामोच इलंस?"

मग वैनी, मास्तरांची बायको, चहा आणि पाव आणायच्या. एकदा मी म्हणालो, "मास्तर, मला हे जमायचं नाही." पाव चहात बुडवत ते म्हणाले, "मन गेलां तां कळलां मा? पुरो. परत ये."

त्या सकाळी बसण्याआधी ते डावा हात चोळत होते. "मुंग्यो इल्यो," म्हणाले आणि बसले. मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. आणि पहिल्यांदाच चार.

शेजारी धप्प झालं. वाटी घरंगळत भिंतीला लागली. मग घशातला एक आवाज. मी स्वतःला सांगितलं, हा विचार आहे, मान वळवायची नाही. पण विचाराने वाटी घरंगळत नाही, एवढं मला कळत होतं. मला दहा हवे होते. दहा झाले असं त्यांना सांगायचं होतं. पाच. सहा. मी सावकाश श्वास घेत दहापर्यंत गेलो आणि मग वळलो. मास्तर कुशीवर पडले होते. तोंड वाकडं झालं होतं. डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच होते.

इस्पितळात मी सगळ्यांना सांगितलं, "पडले तसा धावलो." वैनींनी माझे हात धरले. "तुम्ही होतात म्हणून हो."

मास्तर पुढे दोन वर्षं अंथरुणावर होते. एक बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली. मी दर आठवड्याला जायचो, सांगायचं ठरवून जायचो आणि पाव ठेवून परत यायचो.

शेवटच्या भेटीत त्यांच्यासमोर बसलो. या वेळी तोंडासमोर भिंत नव्हती. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि वाकड्या तोंडाने एकेक अक्षर ओढत विचारलं, "खंय... गेलंस?"

कुठेच नव्हतो गेलो, मास्तर. तिथेच होतो, तुमच्या शेजारी. सगळं ऐकत होतो. मला माफ करा.

एवढंच म्हणायचं होतं. वैनी चहा घेऊन आत आल्या.

"बाजारात," मी म्हणालो.