आंबापोळीचा चोर

आमच्या रत्नागिरीत आंबापोळी वाळत घालायची म्हणजे कावळ्यांशी हाडवैर आलंच. ताटाला तूप लावून रायवळचा रस पसरायचा, गच्चीवर काळं फडकं टांगायचं आणि काठी घेऊन राखण करायची. त्या मे महिन्यात मी हेच करत होते. परदेशात मुलीला दिवस गेले होते आणि तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. "आई, फक्त आपली आंबापोळी खावीशी वाटते गं," फोनवर रडवेली होऊन म्हणाली होती.

तिचं गाव समुद्राकाठचं. मी तिच्याकडे गेले, तर तिथल्या कस्टमवाल्यांनी माझी निम्मी बॅग विमानतळावरच रिकामी केली. पर्समध्ये होती तेवढी आंबापोळीची एक गुंडाळी वाचली. दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी बाजारातून चालत होतो, तर ती आपणहून म्हणाली, "आई, भूक लागलीय." मी लगेच गुंडाळी तिच्या हातात दिली. तिने ती तोंडाशी नेली मात्र, वरून कोंबडीएवढा सीगल झपकन आला आणि अख्खी गुंडाळी घेऊन समोरच्या छपरावर जाऊन बसला. पोर भर रस्त्यात रडायला लागली.

"मेल्या, मुडदा बसवला तुझा!" मी ओरडले. लोक बघत होते. बघू देत.

दुसऱ्या दिवशी दोन चपात्यांना गूळ आणि वर घरचं लाल तिखट चांगलं चोपडलं. एक खिडकीबाहेर ठेवली आणि पडद्याआड उभी राहिले, म्हटलं आता नाचतो बघ कसा. तो आला, चपाती फस्त केली आणि दुसरीसाठी काचेवर चोच आपटायला लागला! जावई चाचरत म्हणाले, "आई, पक्ष्यांना तिखट लागत नाही." आधी सांगायला काय झालं होतं!

मुलगी मात्र पोट धरून हसली. हसता हसता दुसरी चपाती तिने ओढून घेतली, सगळी खाल्ली आणि ती पोटात राहिली.

थंडीत ही सीगलची जात इकडे रत्नागिरीला आमच्या जेटीवर उतरते. मी मासे साफ करून घेते तेव्हा ती माझ्या डोक्यावर घिरट्या घालते. मी मासेवालीकडून आतडी मागून घेते, वर हात करून त्यांना नीट दाखवते आणि कावळ्यांना टाकते. कावळ्यांचं नि माझं भांडण घरचं आहे.

"आई, सोड ना आता. नात चालायला लागली तुझी," मुलगी फोनवर म्हणते.

सोडते कसली! माझ्या उपाशी पोरीच्या तोंडचा घास होता तो.