घोड्यावरचे काका

आमच्या काकांना दुसऱ्या कुणाचं तोंड काढता येत नसे. मुरुम गावात लग्नघराच्या दाराशी भालदार, हत्ती आणि एखादा घोडेस्वार रंगवायचं काम त्यांचंच, आणि काव, नीळ, काजळात रंगलेली ती सगळी मंडळी काकांच्या तोंडाची निघे. लांब, टोकाशी खाली वळलेलं नाक. आमच्या भावकीत जमिनीचे तुकडे झाले, नाक मात्र प्रत्येकाला अख्खं मिळालं. मलाही.

कुणी हटकलंच तर काका म्हणत, "दुसऱ्याचं तोंड काढायचं तर त्याला इचारावं लागतं. आपलं घरचंच हाय."

नाक खरं, बाकी सगळं मनचं. भिंतीवरचे काका उंचेपुरे, दाराच्या फळीएवढ्या छातीचे. खरे काका बुटके, खांद्यात वाकलेले, तट्टू दिसलं तरी रस्ता बदलणारे. आमच्या ओसरीवर तर त्यांनी आत्मचरित्रच रंगवलं होतं: काका रामलिंगच्या रानात वाघ मारताना, काका हत्तीवरून बाजारात मिरवताना. आईनं एकदा विचारलं, "भावजी, हे झालं कधी?"

"झालं न्हाय म्हणून तर काढलं, वहिनी."

निजामाच्या अमलाचे शेवटचे दिवस होते. समोरच्या लग्नघरावर काकांनी घोडेस्वाराच्या हातात तिरंगा दिला. तो झेंडा म्हणजे सरळ तुरुंग. वडिलांनी पुसायला सांगितलं, तर काका म्हणाले, ओल्या रंगाला हात लावू नये. तो वाळेपर्यंत जमादार आला. चितारी स्वतःचंच तोंड काढतो, हे त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

आईनं काकांना राखेनं हात घासायला लावून शेंगा फोडायला बसवलं. जमादार एकेका पुरुषाला चित्रापाशी उभं करून पाहू लागला. वडिलांचं नाक तेच, दुसऱ्या एका चुलत्याचं तेच, त्याच्या पोरांचंही तेच. जमादार पार गोंधळला. शेवटी काकांची पाळी आली. ते घोड्याच्या पोटापर्यंतही पोचत नव्हते.

"ये तू है क्या?"

काकांनी घोडेस्वाराकडे एकदा नीट पाहिलं.

"न्हाय साहेब. ह्यो म्या न्हाय."

जमादार हसला. झेंड्यावर चुना फासायला लावून निघून गेला. आई देवापुढं साखर ठेवायला धावली. वडील म्हणाले, वाचलास. काका पुन्हा शेंगा फोडू लागले होते.

"वाचलो व्हय," ते म्हणाले. "पण त्यानं लगेच मानलं, दादा."

त्यानंतर काका भालदार काढत, पण तोंडं कोरी ठेवत. लोक आपापल्या हौसेनं मिशा भरून घेत. निजाम गेला, झेंडा शाळेवर चढला, तरी तोंडं कोरीच.

नाकाची अडचण असूनही पुढं माझं लग्न जमलं. थकलेले काका आपण होऊन कुंचला घेऊन आले आणि दिवसभर कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी आम्ही पाहिलं. घोडा पूर्वीचाच, पुढचे पाय उचललेला. त्यावर खांद्यात वाकलेला एक बुटका माणूस, झेंडा काखेत दाबून दोन्ही हातांनी आयाळ धरलेला. नाक जागच्या जागी.

आई बराच वेळ पाहत राहिली. "भावजी, हा घाबरलेला दिसतोय."

"घाबरलाच व्हता," काका कुंचला धुता धुता म्हणाले. "आता कुणी इचारलं, तर व्हय म्हणता येईल."