माझ्या जुन्या वॉशिंग मशीनचा सत्कार

माझ्या जुन्या वॉशिंग मशीनला ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं, म्हणून मी सांगली जिल्ह्यात जाऊन आले. मला स्वतःला निवृत्तीनंतर कोणी कुठे बोलावत नाही.

पद्मा पूर्वी पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. पुढे सासरी, आष्ट्याच्या पलीकडच्या एका खेड्यात गेली. जाताना माझं भंगारात निघालेलं मशीन मागून घेतलं. मला वाटलं, कपडे धुवेल. तिने त्याचा ड्रम लोखंडी चौकटीवर आडवा बसवला आणि त्यात भडंग कालवायला सुरुवात केली. आता गावात नवउद्योजक बायकांचा मेळावा होता. तिथे जी आपलं यंत्र चालवून दाखवेल, तिला पंचायतीचा रस्त्यावरचा एक गाळा मिळणार होता. "काकू, मशीन तुमचंच हाय," पद्मा फोनवर म्हणाली, "तुमी यायलाच पायजे."

स्वारगेटहून सकाळची वाईची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे. गाडी खडखडते मात्र पूर्ण. वाईला घाटावर पाय धुतले, मिसळ खाल्ली. सुंदर गाव आहे, घाईने जाऊ नका. मुक्काम साताऱ्यात, स्टँडजवळच्या लॉजवर. चादर स्वच्छ, गरम पाणी फक्त भल्या सकाळी. विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरमार्गे कऱ्हाड. सरळ रस्ता सोडून हा फाटा मी मुद्दाम घेतला, दोन्ही बाजूंच्या शेतांसाठी. रहिमतपूरच्या स्टँडवर चहा घेताना शेजारच्या बाकावर दोन शेतकरी बोलत होते.

"आमच्या गावात बी उद्योग केंद्र झालंय गड्या."

"काय चालतं तिथं?"

"चालतंय की. उद्घाटनाच्या खुर्च्या ठेवल्यात."

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

आष्ट्याला उतरून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपने खेड्यात पोचले. पद्माचं घर जैन. सासूबाई सोवळ्याच्या, घरात कांदा-लसूण वर्ज्य. आणि लसणाशिवाय भडंगाला गिऱ्हाईक नाही. त्यामुळे सगळा कारखाना गोठ्यात, म्हशीच्या शेजारी.

"हातानं कालवलं की मिरचीनं हात पेटत्यात काकू, आन् चुरमुरं मोडत्यात," पद्माने बटण दाबलं. ड्रम सावकाश फिरला. आतून पत्रा लावला होता, नाहीतर शेंगदाणे भोकांतून पळतात. भडंग उत्कृष्ट. पण गोठ्यातला माल दुकानदार घेत नाहीत. म्हणून गाळा हवा.

"गाळा मिळंल तवा मिळंल," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "माझ्या उंबऱ्याच्या आत लसूण येणार न्हाई."

तिसरा दिवस मेळाव्याचा. मांडव भव्य. सकाळपासून दुपारपर्यंत सत्कार झाले. सरपंचांचा, त्यांच्या आधीच्या सरपंचांचा, मांडववाल्याचा, आणि पुण्याच्या मॅडम म्हणून माझाही. शाल आणि नारळ. ज्यांच्यासाठी मेळावा होता, त्या बायका आपापल्या टेबलामागे उभ्या होत्या.

अखेर पाहुणे पद्माच्या टेबलाशी आले. मशीनला हार घातला, हळदकुंकू लावलं. सरपंचांनी नारळ उचलला.

"आवं, खाली दगडावर फोडा की," पद्मा म्हणाली. "बटनं उघडी हाईत."

"दगडाला कसला मान, ताई? मान यंत्राचा!"

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे तिथेच शिकवलं. कोणी बोलत असताना मध्ये बोलू नये, ही शिकवण त्या क्षणी मी मोडली. "थांबवा तो आचरटपणा!" लाउडस्पीकरवर शुभेच्छा चालू होत्या. नारळ मशीनच्या चौकटीवर बसला, पाणी थेट बटणांत गेलं. फट्ट आवाज झाला, धूर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सुरू झालं.

"नियम चालू यंत्राचा आहे," ग्रामसेवक नम्रपणे म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"बंद कोणी पाडलं?" मी विचारलं.

"मॅडम, श्रद्धेचा विषय आहे."

गाळा मांडववाल्याला मिळाला. पुढच्या मेळाव्याचं सामान कुठेतरी ठेवायला हवंच.

मशीन ट्रॉलीतून परत आणलं. सासूबाईंनी काळी पडलेली बटणं पाहिली, वरचा हार काढला आणि म्हशीपुढे टाकला.

"पुढचा सोपा मोकळा कर," त्या सुनेला म्हणाल्या. सोपा म्हणजे त्यांची बाहेरची खोली. "रस्त्याकडनं दार हाय त्याला. दुकानच की ते."

"आन् लसूण, आत्ती?"

"मी मधलं दार लावून घेतो. वास आला तर नाक धरंन. त्या सरपंचाच्या दारात मातुर पुन्ना जायाचं न्हाई."

ग्रामीण उद्योगाला त्या दिवशी मिळालेलं हे एकमेव पाठबळ.

परतीला आष्ट्याहून सांगली आणि तिथून थेट पुणे. सांगलीच्या मेकॅनिकने माझ्या मोबाइलवर मशीनचा फोटो पाहून मान हलवली. इतक्या जुन्या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत.

घरी येऊन आठवडा झाला. शाल मोलकरणीला आवडली. पद्माचा दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा तिने माझ्या नव्या मशीनची प्रकृती विचारली. चांगली आहे म्हटल्यावर घेऊन किती वर्षं झाली, तेही विचारलं.

काल ते नवं मशीन पद्माकडे जाणाऱ्या टेम्पोत चढवलं. मोठी बादली आणि साबण आणला आहे. एकट्या बाईचे कपडे ते काय. सोबत सत्कारातला नारळही दिला. तो चटणीत घालायचा, अशी सक्त ताकीद देऊन.