बंद केलेलं बटण

किराण्याच्या पिशव्या घेऊन परतले, तर पार्किंगमध्ये गाडीच्या चार्जरवरचा हिरवा दिवा विझलेला. थोड्याच वेळात माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

"अण्णा, चार्जिंगचं बटण तुम्ही बंद केलंत?"

"मग? गाडी नुसती उभी होती. उभ्या गाडीला वीज कशाला?"

रिकाम्या खोलीतले पंखे ते आयुष्यभर असेच बंद करत आले आहेत.

घरात काय किती उरलंय, हे माझ्या हातांना कळतं. सिलिंडर जरा हलवला, तेलाचा डबा उचलला की पुरे. गाडी काही उचलून बघता येत नाही. ती फक्त बॅटरीचा आकडा दाखवते, आणि माझा जीव त्या आकड्याला टांगलेला राहतो. जेमतेम पोचू, असं तो सांगत होता.

घाटाचा चढ लागला तसा आकडा भराभर उतरू लागला. अण्णांनी चाचपडत हात पुढे केला आणि एसी बंद केला. मग गाणीही.

"आता किती उरलंय गं?"

"भरपूर," मी म्हणाले.

समोरचा आकडा त्यांना दिसत नव्हता, तेवढंच बरं होतं.