मुलगी पसंत, पोहे त्याहून पसंत

माझ्या भाच्याचं लग्न लांबलं, त्याला पत्रिका कारणीभूत नव्हती, माझी भूक होती.

झालं असं, की माझा साखरेचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन वेळा पोटभर जेवा. मधे काहीही नाही!" जेवण सोडायला सांगितलं असतं तर मी हसत सोडलं असतं हो! माझा जीव मधल्या वेळेतच अडकलेला. अकराचा चिवडा, चारची खारी आणि टीव्ही लागला की नुसतं 'तोंडात टाकायला' काहीतरी. आमचे हे नुकतेच रिटायर झालेले, त्यांना काम हवंच होतं. ह्यांनी त्याच संध्याकाळी सगळे डबे रिकामे करून फरसाण वॉचमनला देऊन टाकलं. (वॉचमन तेव्हापासून मला लवून नमस्कार करतो. मी बघत नाही.)

"आणि बाहेर कुणी आग्रह केला तर?" मी विचारलं.

"हात जोडायचे."

"आणि मंगेशसाठी मुलगी बघायला गेल्यावर पोहे पुढे आले तर? तिथे नाही म्हटलं तर त्यांचा अपमान होतो!"

हे विचारात पडले. "बरं, तिथे चार घास खा."

मंगेश माझा भाचा. भाऊ-वहिनी कणकवलीला, आणि हा इथे मुलुंडला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये. त्यामुळे मुली बघायचं काम आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलेलं. इतके दिवस मी ते टाळत होते, आता कंबर कसली.

पहिलं स्थळ नाहूरचं. मुलगी स्वप्नाली, बँकेत नोकरी, बोलायला मोकळी. पण मी तिच्याकडे बघितलंच कुठे? ताटलीत मऊसूत पोहे, वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड! पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या आईला वाटलं, मुलगी बघून माझं मन भरून आलं. त्यांनी पुन्हा पुन्हा वाढलं.

जिना उतरताना मंगेश कानाशी म्हणाला, "आत्या, मला पसंत आहे. झकास आहे ना?"

एवढ्यात पसंत? म्हणजे पोहे संपले?

"गप रे! पहिल्याच स्थळाला हो म्हणतात का कुणी? पुढच्या रविवारी घाटकोपरला जायचंय आपल्याला."

घाटकोपरची मुलगी मला जरा उंच वाटली. (तिथे पोह्यांबरोबर साबुदाणेवडे होते, म्हणून पुन्हा एकदा जाऊन उंचीची खात्री करून घेतली.) बोरिवली लांब पडेल, हे मला बोरिवलीकरांचा शिरा संपवल्यावर सुचलं. अंधेरीला नुसती बिस्किटं पुढे आली, ते स्थळ मी जिन्यातच नाकारलं. मंगेश सुकत चालला आणि मी फुगत चालले.

"दोन वेळा जेवून वजन वाढतं कसं?" हे वजनकाट्यावर वाकून म्हणाले.

"प्रवासाने अंग सुजतं माझं!"

तिकडून पोराच्या काळजीने भावाचा फोन. "गो, झिलाचा लगीन ठरयतंस काय मुंबय फिरतंस?"

आणि एका सकाळी मंगेश धावत घरी आला. "आत्या, वाट लागली! स्वप्नालीला दुसरं स्थळ आलंय. उद्या बघायला येतायत."

पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. खरं सांगते, हातातला चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. (अर्धा भरलेला!) ह्यांना घेऊन आम्ही तिघं रिक्षाने तडक नाहूरला गेलो.

दार स्वप्नालीनेच उघडलं. आम्हाला बसवलं आणि म्हणाली, "आत्या, स्पष्टच विचारते. आमच्यात काय खटकलं तुम्हाला?"

मी तोंड उघडणार, तोच तिची आई म्हणाली, "आम्ही तर होकारच धरून चाललो होतो हो. किती प्रेमाने तीनदा पोहे घेतलेत तुम्ही!"

"तीनदा?" हे सोफ्यावरून उठलेच. "अगं, चार घास म्हणालो होतो मी! म्हणजे ते घाटकोपर, ते बोरिवली..."

मंगेश माझ्याकडे बघतच राहिला. "आत्या! तू पोह्यांसाठी माझं लग्न अडवलंस?"

मी मान खाली घातली. आणि मग स्वप्नाली जी हसायला लागली, ती थांबेचना! डोळे पुसत म्हणाली, "मला पण हाच आवडलाय. द्या ना होकार, आत्या. मग काय, पोहे हक्काचे!"

मी तिथल्या तिथे होकार दिला. उद्याच्या पाहुण्यांना तिच्या आईने लगेच फोन करून नको म्हणून कळवलं.

लग्न दणक्यात झालं. नव्या सुनेच्या हातचे पोहे खायला बोलावणं आलं, तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसून गेले. स्वप्नाली झाकलेली ताटली घेऊन आली. मी झाकण काढलं. आत काकडीच्या चकत्या!

"आत्या, मधे काही नाही," ती प्रेमाने म्हणाली. "काकांनी सगळं सांगितलंय मला."

काका म्हणजे आमचे हे समोरच बसून पोहे खात होते. वर लिंबू पिळून!

आता माझी साखर आटोक्यात आहे. डॉक्टरीणबाई खूश आहेत, हे खूश आहेत, मंगेशच्या गालांवर तर मांस चढलंय. मी मात्र कालच भावाला फोन करून बजावलं, की मंगेशच्या धाकट्या भावासाठी मुली बघायला आतापासूनच लागायला हवं, चांगली स्थळं थांबत नाहीत.

धाकटा यंदा बारावीला आहे.