आप्पांनी सिक केलेली चाकं

माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, दौंडच्या यार्डात गाड्यांची चाकं ठोकायचे. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते एकेका डब्याशी वाकत, चाकावर टोला देत आणि कान लावत. आवाज खणखणीत आला की चाक चांगलं, बद्द आला की कुठंतरी तडा. नोकरी संपली तरी त्यांचा हात काही थांबला नाही. घरात एक छोटा हातोडा आला आणि माठ, विटा, कलिंगडं सगळं ठोकून घेतलं जाऊ लागलं. मला बघायला आलेल्या एका मुलाची स्कूटरसुद्धा त्यांनी दारात ठोकून पाहिली. तिकडून पुढं काही निरोप आला नाही, आणि त्याबद्दल मी त्या हातोड्याची आजही आभारी आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भीमेच्या बाजूला, मेंढरं सोडून उसाकडं वळलेल्या घरांची एक वस्ती होती, तिथल्या शाळेत मला नोकरी लागली. एसटीची वेळ आणि शाळेची वेळ यांचा छत्तीसचा आकडा. थोरल्या भावाची खाली वळलेल्या हँडलची रेसर सायकल घरात पडून होती, ती मी काढली. डबा आणि वह्या ठेवायला मागं कॅरिअर बसवलं. सायकल हलकी आणि देखणी होती, पण चाकं पार कामातून गेलेली. एकदा वाटेत तारा तुटल्या. दुसऱ्यांदा मागची रिमच वाकली आणि मी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून घरी आले. तोवर दिवेलागण झाली होती, आणि आप्पा रेल्वे कॉलनीच्या तोंडाशी उभे होते.

"अजून एकदा असं झालं की नोकरी बंद," ते म्हणाले. "वाटंत बसनाऱ्या गाडीवर मी पोरगी सोडनार न्हाई."

मला रागही आला आणि रडूही. नोकरी गेली असती तर मला चहाचे ट्रे घेऊन पाहुण्यांपुढं जाण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता. शिवाय ती वस्तीवरची पोरं मला आवडायला लागली होती. तेव्हा चाकं नवी घ्यायची, आणि अशी घ्यायची की आप्पांना बोलायला जागाच राहू नये, हे मी ठरवलं. फक्त एक गोष्ट मी मनातच ठेवली होती. चाकं मला देखणीही हवी होती.

बाजारपेठेतल्या सायकलच्या दुकानाचे मालक पिढ्यान्‌पिढ्या दौंडचेच. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. दुकानात वर टांगलेल्या ॲल्युमिनियमच्या रिमा होत्या, चांदीच्या ताटासारख्या. बाजूला लोखंडी, निकेल केलेल्या. माझं बोट वर गेलं आणि त्याच क्षणी बरोबर आलेल्या आप्पांनी पंच्यात गुंडाळलेला हातोडा काढला.

लोखंडी रिम वाजली, टण्ण. आप्पा खूश. ॲल्युमिनियमची वाजली, ठप.

"तडा हाय," आप्पा म्हणाले. "दुसरी काढा."

दुसरीही ठप. तिसरीही ठप.

"आप्पा, म्हंजी माझ्या अख्ख्या दुकानालाच तडा गेला म्हना की," चाचा म्हणाले. "आवो, तिचा आवाजच तसा हाय. हलकी हाय, गंजत न्हाई. बाईंना रोज जायचं-यायचं, पावसापान्याचं. जाड तारा घालतो, टायर जरा रुंद टाकतो, मंग बघा."

"वाजत न्हाई ते चाक टिकत न्हाई," आप्पांनी निकाल दिला आणि पंचा झटकून बाहेर जाऊन उभे राहिले.

मी ॲल्युमिनियमच्याच घेतल्या. चाचांनी तारा ओवल्या, चाक फिरवत, तारा आवळत-सोडत त्याचा आउट काढला. चाक आता जराही डुलत नव्हतं. नव्या चाकांवर मी घरी आले ती हवेतच.

सकाळी ओसरीवर येऊन पाहते तर दोन्ही टायरांवर खडूनं मोठी फुली आणि शेजारी लिहिलेलं, सिक.

यार्डात डब्यात खोट निघाली की त्यावर असंच लिहीत, सिक म्हणजे आजारी. मग ज्यानं लिहिलं तो पुसेपर्यंत तो डबा जागचा हलायचा नाही. आमच्या कॉलनीत वाढलेलं कुणीही दुसऱ्याचा खडू पुसत नाही. ओला फडका हातात घेऊन मी उभी होते, पण मलाही ते जमेना. आई आतून म्हणाली, "दोघं बी सारखीच." त्या दिवशी मी शाळेला खाडा केला.

दुपारी डोकं जरा थंड झालं आणि मी आप्पांपुढं जाऊन बसले. "आप्पा, सिक डबा दुरुस्त झाला की नाही, हे कसं बघतात?"

"भरून चालवत्यात."

"मग बसा."

आप्पा कॅरिअरवर बसले. हातात हातोडा, पाय दोन बाजूंना. मी वळलेल्या हँडलवर वाकून अख्ख्या कॉलनीतून बापाला घेऊन निघाले. धुणं वाळत घालणाऱ्या बाया हात तसेच वर ठेवून बघत राहिल्या. फाटकाचे रूळ, पुढं खडी, मग उसाच्या गाड्यांनी पाडलेले खड्डे. मी एकही चुकवला नाही. मागून आधी "हळू" आलं, मग "अगं, कंबर माझी", आणि मग नुसतं हसू. आप्पा असे हसलेले मी फार कमी वेळा ऐकले आहेत.

वस्तीच्या वळणावर ते उतरले. मागचं चाक उचलून फिरवलं, डोळा लावून बराच वेळ बघितलं. चाक सरळच फिरत होतं. त्यांनी पंच्याला थुंकी लावून दोन्ही फुल्या पुसल्या, खिशातून खडू काढला आणि लिहिलं, फिट.

पुढं लग्न होऊन शिरूरला जाईपर्यंत मी त्याच चाकांवर शाळेत गेले. रोज निघताना आप्पा ओसरीवरून उतरायचे, दोन्ही चाकांना हातोडा लावायचे. ठप, ठप. कान लावून ऐकायचे आणि मग हिरवं निशाण दाखवावं तसा हात वर करायचे.

एकदा मी घाईत होते, वैतागून विचारलं, "आप्पा, कळतं का त्यातलं काही?"

"न्हाई," ते म्हणाले. "ह्या चाकाचा आवाज मला कवाच कळला न्हाई."

"मग रोज ठोकता कशाला?"

आप्पा हातोडा पंच्यात गुंडाळत होते. "न ठोकता तुला सोडायची कशी?"

मी सायकल पुन्हा स्टँडला लावली. "पुढचं चाक नीट ऐकलं नाही तुम्ही," मी म्हणाले, आणि त्यांनी ते पुन्हा ठोकेपर्यंत थांबले.